आधी माप, मग सायकल

सायकल घेऊन कुठे उभी राहिले की लोक पहिलं विचारतात, "केवढ्याला घेतली?" दुसरं, "वजन किती?" आणि विचारता विचारताच दोन बोटांनी उचलून बघतात. माप कोणतं, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. मला याचं नवल वाटतं, कारण माझा धंदाच मापाचा आहे. मुलुंड पूर्वेला माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. मुंढ्यात सुताएवढा घट्ट झाला तरी बाई ब्लाऊज परत आणते, उसवून घेते, पुन्हा घालते आणि आरशासमोर हात वर करून खात्री करते. त्याच बाईचा नवरा साठ हजारांची सायकल "मीडियम द्या" म्हणून घेऊन येतो आणि महिन्याभरात मान आखडली म्हणून बाल्कनीत उभी करतो. मग तिच्यावर टॉवेल वाळतात.

मी रोडबाईक चालवते. बारीक टायर, खाली वळलेलं हँडल, ना मडगार्ड, ना स्टँड, ना कॅरिअर. सासूबाईंच्या भाषेत 'अर्धवट सायकल'. ॲल्युमिनियमची, सेकंडहँड, ऐरोलीतल्या एका मुलाकडून घेतलेली. तो नोकरीसाठी परदेशी निघाला होता. पहाटे पावणेपाचला निघायचं, ऐरोलीचा पूल ओलांडून पाम बीच रोड, नाहीतर ठाण्याचं येऊर. रविवारी ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेने सायन, दादर, भायखळा करत मरीन ड्राइव्ह, आणि ऊन चढायच्या आत घरी. सी लिंक, ईस्टर्न फ्रीवे, अटल सेतू हे सगळे गुळगुळीत रस्ते सायकलला बंद. आपल्या वाट्याला खालचे. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे टायरचं बोलायचं आहे.

आमच्या ग्रुपमध्ये दुखण्यावर एकच औषध आहे: "सवय होईल." बोटं बधिर झाली, सवय होईल. बसायच्या जागी सोललं, सवय होईल. माझं म्हणणं वेगळं आहे. चढावर मांड्या भरून येतात, छाती फुटेल असं वाटतं, ते दुखणं कामाचं. त्यासाठीच आपण पहाटे उठतो. पण करंगळी बधिर होणं, गुडघ्याची वाटी ठणकणं, उतरल्यावर धड चालता न येणं, हे मापातलं दुखणं आहे. त्याची सवय कशी होईल? ते वाढत जातं आणि एक दिवस माणूस सायकल विकायला काढतो.

सुरुवात सीटपासून. नव्याने येणारे सगळे जाड, मऊ, जेल भरलेली सीट शोधतात. पहिला अर्धा तास ती बरी वाटते. मग बैठकीची हाडं त्या मऊपणात रुततात आणि मधला फुगलेला भाग नको त्या जागी दाबायला लागतो. सीटमध्ये मऊपणा दुय्यम, रुंदी पहिली. रुंदी आपल्या दोन हाडांमधल्या अंतरावर ठरते आणि ते अंतर घरी मोजता येतं. कापडाच्या गठ्ठ्यांबरोबर येतो तसा नळ्यानळ्यांचा पुठ्ठा घ्यायचा. जिन्याच्या पायरीवर ठेवायचा, पातळ सलवारीवर त्यावर बसायचं, टाचा थोड्या उचलून पुढे वाकायचं, जसं सायकलवर वाकतो तसं. मिनिटभराने उठायचं. पुठ्ठ्यावर दोन खळगे पडलेले असतात, पण सहज दिसत नाहीत. मी शिंपी खडू आडवा धरून वरून हलक्या हाताने फिरवते. उंच नळ्यांना निळा रंग लागतो, दबलेल्या जागा कोऱ्या राहतात आणि दोन लांबट गोल उमटतात. एका गोलाच्या मधोमधपासून दुसऱ्याच्या मधोमध टेप लावायची. माझं पाच इंच भरलं, म्हणजे 127 मिलिमीटर. त्यात साधारण दोन-अडीच सेंटिमीटर मिळवले की रोडबाईकच्या सीटची रुंदी निघते. माझ्या सायकलवर आलेली सीट 143ची होती, मला हवी होती तिच्या वरच्या मापाची, 155ची. हाडं सीटच्या उतरत्या कडांवर येत होती आणि सगळा भार मधल्या मऊ भागावर. कितीही पॅड लावले असते तरी फरक पडला नसता.

बायकांचं ओटीपोटाचं हाड सहसा रुंद असतं, पण अंगापिंडाने भरलेला पुरुषही अरुंद हाडांचा निघू शकतो. बघून कळत नाही, मोजूनच कळतं. आणि हा विषय बायका काढतच नाहीत. "खाली दुखतं" एवढं बोलायलाही चहाच्या टपरीपासून लांब जावं लागतं. ब्रिटनची पॅरा-सायकलपटू हॅना डाइन्स हिने 2019 मध्ये वर्तमानपत्रात उघड लिहिलं, की वर्षानुवर्षं सीटच्या दाबाने आलेल्या सुजेसाठी तिला शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. देशासाठी खेळणाऱ्या बाईची ही गत. आपण तर पेट्रोल पंपावरची बंद मोरी उघडून घेण्यासाठी हुज्जत घालणारी माणसं.

कुणी म्हणेल, रेसवाले एवढे कुरकुरत नाहीत. कुरकुरतात हो. सायकलची सगळ्यात मोठी शर्यत, टूर द फ्रान्स, तिची 1989ची खेप घ्या. शेवटच्या दिवशी फ्रान्सचा लॉरां फिन्यों 50 सेकंदांनी पुढे होता आणि उरली होती व्हर्सायपासून पॅरिसपर्यंत साडेचोवीस किलोमीटरची एकट्याने घड्याळाविरुद्धची दौड. अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडने तीत 58 सेकंद भरून काढले. तीन हजारांवर किलोमीटर चालवून झाल्यावर फिन्यों 8 सेकंदांनी हरला. लेमाँडने हँडलला पुढे हात टेकायचे खास दांडे लावले होते, वारा कापायला, ते सगळे सांगतात. पण फिन्योंला त्या दिवसांत बसायच्या जागी फोड झाला होता आणि त्याला सीटवर धड टेकता येत नव्हतं, ही गोष्ट मागे पडते. आठ सेकंदांमध्ये त्या फोडाचा वाटा किती, कोण मोजणार? माझ्या मते बराच.

सीटची उंचीही याच लेमाँडच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हिशेबाने काढता येते. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहायचं, दोन पायांत पुस्तक वर घट्ट दाबून धरायचं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. त्याला 0.883ने गुणायचं. माझे 74 सेंटिमीटर, म्हणजे 65.3. हे अंतर दोन्ही पेडलचे दांडे ज्याभोवती फिरतात त्या मधल्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंत. आकडा वेद नाही, बूट आणि पेडल बदलले की दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे होतं, पण सुरुवातीला उत्तम. पुढे शरीरच सांगतं. गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा खाली आहे, मागून ताणला तर वर आहे, आणि मागून बघणाऱ्याला तुमची कंबर डावी-उजवी डुलताना दिसली तर नक्कीच वर आहे. मी ग्रुपच्या मागे राहून कंबरा बघते, म्हणून बदनाम आहे.

आता चड्डी. पॅडची चड्डी म्हणजे जाड पॅड अशी समजूत आहे. मी मेलेल्या चड्ड्या उसवून बघितल्यात. चांगल्या पॅडमध्ये दोन-तीन वेगवेगळ्या घट्टपणाचे फोम असतात, हाडांखाली घट्ट, कडेला पातळ होत गेलेले, आणि शिलाई चपटी, ज्याला आम्ही फ्लॅटलॉक म्हणतो. स्वस्त चड्डीत साधी ओव्हरलॉक असते, तिचा गोट मांडीच्या सांध्यात बरोबर घासतो. बोट फिरवून बघा, दुकानातच कळेल. आणि आत दुसरं काही घालायचं नाही. हे सांगताना लोकांचे चेहरे बघण्यासारखे होतात. पण आतल्या कपड्याची शिवण आणि ओला सुती कपडा, हेच तर सोलतात. मे महिन्यात तर घामाने सगळं भिजून चिप्प होतं. तेव्हा मी निघण्याआधी खोबरेल तेल लावते आणि घरी आल्या आल्या चड्डी पाण्यात टाकते.

खांद्यावरून पट्टे जाणारी बिब शॉर्ट्स सगळ्यात आरामाची, पोटाला इलॅस्टिक काचत नाही. पण बाईला लघवीला जायचं तर जर्सी काढा, पट्टे उतरवा, एवढा सोहळा. मी पाठीवरचा पट्टा मधून कापला आणि तिथे लहान मुलांच्या दप्तराला असतं तसलं चपटं प्लास्टिकचं बकल शिवलं. आधी हूक लावून बघितला होता, तो पाठीत रुतला. आता जर्सीखालून हात घातला की पट्टा सुटतो. ग्रुपमधल्या बायकांच्या बिब्स आता माझ्याकडेच येतात, मी पैसे घेत नाही, चहा घेते.

हाताबद्दल दोनच गोष्टी. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर तळव्याच्या त्या बाजूची नस दबते आहे. ग्लोव्हज बदलण्याआधी सीटचं टोक खाली झुकलंय का बघा. खाली दुखतं म्हणून लोक टोक झुकवतात, मग अंग पुढे घसरतं आणि सगळा भार तळव्यांवर येतो. दुखणं जागा बदलतं, इतकंच. आणि मग हँडलची लांबी-रुंदी. माझ्या सायकलला 42 सेंटिमीटरचं हँडल होतं आणि माझे खांदे 37. मी 38चं हँडल आणि आखूड स्टेम, म्हणजे हँडल धरणारा पुढचा दांडा, बसवलं, आणि खांद्यांच्या मधली ती जळजळ गेली. गंमत म्हणजे 2026पासून जागतिक सायकलिंग संघटनेने शर्यतीसाठी नियम केलाय, की रोडबाईकचं हँडल बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत किमान 400 मिलिमीटर असलंच पाहिजे. लहान चणीच्या बायकांनी काय करायचं, यावर बरीच टीका झाली. मला विचाराल तर बत्तीस छातीच्या बाईला सक्तीने छत्तीसचा ब्लाऊज घालायला लावण्यातला प्रकार आहे.

ग्लोव्हजच्या बाबतीत मी ब्रिटनची सायकलपटू लिझी डेग्नन हिचा फोटो दुकानात लावलाय. पॅरिस-रुबे ही पुरुषांची शर्यत 1896पासून चालते, दगडी फरसबंदीच्या शेतवाटांवरून. बायकांची पहिली झाली 2021च्या ऑक्टोबरमध्ये, पावसाच्या चिखलात. डेग्नन 80हून अधिक किलोमीटर एकटी पुढे राहून जिंकली. ग्लोव्हज घातले नव्हते, हादऱ्यांनी तळवे फाटले, हँडलची पांढरी टेप रक्ताने माखलेली दिसते. गिऱ्हाइकं विचारतात, ही कोण? मी म्हणते, नातेवाईक.

हादऱ्यांवरून टायर. मी सायकल घेतली तेव्हा तिला 23चे टायर होते, 23 मिलिमीटर रुंद, आणि आधीच्या मालकाचा उपदेश: 110 पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) खाली हवा ठेवायची नाही, नाहीतर वेग मरतो. हाच धडा व्यावसायिक सायकलपटूही कित्येक दशकं गिरवत होते. पुढे मोजमापं झाली आणि उलटं निघालं. खडबडीत रस्त्यावर दगडासारखा टणक टायर प्रत्येक खडीवरून उडतो. सायकल आणि माणूस दोघांना दरवेळी थोडंथोडं वर उचलण्यात ताकद वाया जाते, आणि ते हादरे आपल्या मांसात जिरतात. रुंद टायरात हवा कमी ठेवता येते, तो खडी गिळून पुढे जातो. आज टूरमध्ये 28 आणि 30चे टायर सर्रास दिसतात, पॅरिस-रुबेला त्याहून रुंद. जगातले सगळ्यात वेगवान लोक गुळगुळीत डांबरावर 28 वापरतात आणि आमच्या ग्रुपमधले दोघं विक्रोळीच्या काँक्रीटच्या सांध्यांवरून अजून 23वर ठक-ठक करत जातात, वर सांगतात, रोडचा फील येतो. येणारच.

माझ्या फ्रेममध्ये 28 जेमतेम मावला. माझं वजन 62 किलो. पुढे 62 आणि मागे 66 पीएसआय ठेवते. पावसाळ्यात आणखी थोडी कमी. हे आकडे तुमचे नाहीत, वजनानुसार बदलतात. पण काट्याचा उभा पंप घरी असायलाच हवा. आमचा नाक्यावरचा पंक्चरवाला भला माणूस आहे, माझ्या फ्रेंच व्हॉल्व्हसाठी पितळी अडॅप्टरही ठेवतो, पण त्याचं माप म्हणजे अंगठा. दाबतो आणि म्हणतो, "झाली." अंगठ्याला 66 आणि 95 सारखेच लागतात. चाकाचा आउट मात्र त्याच्याइतका सरळ कुणी काढत नाही. एका डोळ्याने ब्रेकच्या रबराकडे बघत आऱ्या पाव-पाव फेरा फिरवतो, तेव्हा मी शिलाई सोडून उभी राहते.

वजनाचं वेड आता कमी व्हायला हवं. शर्यतीच्या सायकलीलाच 2000पासून 6.8 किलोच्या खाली जायला बंदी आहे. ग्रुपमधल्या एका काकांची कार्बनची सायकल त्याहून हलकी आहे, म्हणजे टूरमध्ये ती चालणार नाही. काकांचं पोट त्या हिशेबात धरलेलं नाही.

जुलैत टूर सुरू झाली की माझ्या रात्री ठरलेल्या. तिकडची संध्याकाळ म्हणजे आपले साडेआठ-नऊ. जेवणं उरकून मी हूक आणि काजं घेऊन बसते, मोबाइल शिलाई मशीनला टेकवून. नवरा जिंकणाऱ्याकडे बघतो, मी बैठक बघते. स्लोव्हेनियाच्या ताडे पोगाचारने 2024 मध्ये 165 मिलिमीटरचे आखूड क्रँक, म्हणजे पेडलचे दांडे, वापरले, उंची पावणेसहा फुटांच्या वर असून. त्याच्या उंचीला आधी 172.5 सहज दिले असते. आखूड क्रँकने वाकलेल्या अवस्थेत गुडघा पोटाकडे कमी येतो, कंबर मोकळी राहते. त्या वर्षी तो टूर जिंकला. क्रँकमुळे नव्हे, पण इतका मोठा सायकलपटूही माप बदलून बघतो हे मला महत्त्वाचं वाटतं. आणि त्याच वर्षी बायकांची टूर काशिया न्येव्ह्याडोमाने एकूण वेळेत अवघ्या 4 सेकंदांनी जिंकली, आल्प द्युएझच्या माथ्यावर, डेमी फोलरिंगच्या पुढे. त्या रात्री एका गिऱ्हाइकाच्या पैठणीच्या ब्लाऊजला मी दोन हूक एकाच बाजूला लावले.

आपल्याकडे मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सगळ्यात आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. लहानपणी वडील पेपरातली ती बातमी मोठ्याने वाचायचे. खोपोलीहून शिंगरोबाच्या देवळाकडे जाणारा तो चढ मीही चढते, पुढे 34 आणि मागे 32 दात्यांवर, म्हणजे अगदी हलक्या गिअरवर, राजाच्या वेगाशी काही संबंध नाही. 2026च्या जानेवारीत पुण्याला आंतरराष्ट्रीय दर्जाची ग्रँड टूर झाली तेव्हा एक दिवस दुकान बंद ठेवून गेले. तासभर रस्त्याकडेला उन्हात उभं राहायचं आणि सगळा जथा काही सेकंदांत निघून जातो. आधी मोटरसायकली, मग चेनचा घरघराट आणि अंगावर आलेला वारा. तेवढ्यातही दोन गोष्टी दिसल्या: एकाचीही कंबर डुलत नव्हती, आणि बहुतेकांच्या सीट पाण्याच्या पातळीसारख्या सपाट होत्या.

पैसे कशावर घालू, असं विचारणाऱ्यांना मी आधी चड्डी सांगते, मग योग्य रुंदीची सीट, मग टायर आणि काट्याचा पंप. एवढं झाल्यावर उरले तर कार्बन. मुंबईच्या खाऱ्या हवेत बोल्टना ग्रीस लावायचा कंटाळा करणाऱ्याने महाग सायकल घेऊच नये. घाम टपकून हँडलचे स्क्रू असे धरतात, की शेवटी ड्रिल मारावं लागतं.

आमच्याच सोसायटीतली एक मुलगी, इंजिनिअरिंगला आहे, पाम बीचला गुडघा दुखतो म्हणून सायकल सोडायच्या बेतात होती. तिची सीट आठ मिलिमीटर वर घेतली, पुठ्ठ्यावर बसवलं, तिचंही माप माझ्यासारखंच निघालं. नवी घेण्याआधी वापरून बघ म्हणून माझी जुनी जादा 155ची सीट तिला दिली. गुडघा थांबला. सीट परत मागितली तर म्हणाली, "मावशी, गणपतीनंतर देते." कोणत्या वर्षीच्या गणपतीनंतर, ते मात्र बोलली नाही.